विरळ असणे हेच या जंगलाचे आरोग्य

29 जून 2021 रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील लिटन या छोट्या गावात पारा 49.6 अंश सेल्सिअसवर गेला. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना काढलेल्या माणसालाही हा आकडा थबकायला लावतो. लिटन तर 50 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्तापासून मुंबईच्या अडीचपटीहून अधिक अंतरावर आहे. कॅनडात इतके तापमान त्यापूर्वी कधीच नोंदले गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात आग शिरली आणि काही तासांत बहुतेक गाव जळून गेले. दोघांचा जीव गेला.

कॅनडा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो, घनदाट ओली जंगले येतात. मग हे कोरडे, भाजून काढणारे खोरे तिथे आले कुठून? आणि त्याच्या भोवतीच्या डोंगरांवर उभी असलेली झाडे इतक्या कमी पाण्यावर जगतात तरी कशी? या प्रश्नांची उत्तरे ज्या जंगलात आहेत, त्याला तिथले वनशास्त्रज्ञ ‘अंतर्भागातील डग्लस-फर पट्टा’ म्हणतात. गेल्या दीडशे वर्षांत या जंगलातील झाडे कमी झाली नाहीत. अनेक ठिकाणी ती वाढली. त्याचे दुखणे नेमके तिथूनच सुरू झाले.

डोंगराआडची सावली

महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो आणि तिथून काही तासांच्या अंतरावर माण-खटावचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ब्रिटिश कोलंबियात हेच घडते, फक्त मोठ्या प्रमाणावर. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पभरले वारे आधी व्हँकुव्हर बेटाला आणि मग किनाऱ्यालगतच्या उंच पर्वतरांगांना धडकतात. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पर्वत ओलांडून वारे पलीकडे उतरतात तेव्हा ते कोरडे आणि उबदार झालेले असतात. तिथल्या खोऱ्यात वसलेल्या कॅम्लूप्स शहराच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम 280 मिलिमीटरच्या आसपास पाणी येते, तेही पाऊस आणि बर्फ मिळून.

खोऱ्याच्या तळाशी त्यामुळे झाडे नाहीतच. तिथे गवताचे ठोंब आणि राखाडी रंगाची सेजब्रशची झुडपे असतात. थोडे वर चढले की पाँडेरोसा पाइनची तुरळक झाडे दिसू लागतात. त्याच्या वर डग्लस-फरचा पट्टा सुरू होतो. इथे वर्षाला साधारण 300 ते 750 मिलिमीटर पाणी मिळते. माण-खटावच्या पावसाचा आकडा याच टप्प्यात बसतो. मग तिथे बाभळी-बोरी आणि इथे तीस-तीस मीटर उंचीची झाडे, असे का?

उत्तर पाणी किती पडते यापेक्षा ते कधी आणि कोणत्या रूपात पडते यात आहे. या पट्ट्यात वर्षभराच्या पाण्याचा पाव ते निम्मा वाटा बर्फाच्या रूपाने येतो. हिवाळाभर तो जमिनीवर साठून राहतो. थंडीमुळे त्याची वाफ फारशी होत नाही. वसंतात तो हळूहळू वितळतो आणि वाहून जाण्याऐवजी जमिनीत मुरतो. झाडांना वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला भरलेली विहीर मिळावी, तसा हा प्रकार आहे. जूनमध्ये थोडा पाऊस होतो; त्यानंतर जुलै-ऑगस्ट कोरडे आणि उष्ण जातात. आपल्याकडे उन्हाळा संपता संपता पाऊस येतो, तिथे ऐन उन्हाळ्यात तो पाठ फिरवतो. भरलेली विहीर सप्टेंबरपर्यंत पुरवायची असते. किती झाडे, किती गवत आणि किती झुडपे जगतील, हे त्या शिल्लक ओलाव्यावर ठरते.

झाडांवरून हवामान वाचणारा माणूस

डोंगराळ प्रदेशात हवामान केंद्रे थोडी असतात आणि तीही बहुधा खोऱ्यातल्या गावांत. मग डोंगरउतारावरचे हवामान ओळखायचे कसे? व्लादिमिर क्रायिना या वनस्पतिशास्त्रज्ञाने याचे सोपे वाटणारे उत्तर दिले: तिथे काय उगवले आहे ते बघा. चेकोस्लोव्हाकियात नाझींविरोधी भूमिगत चळवळीत काम केलेले क्रायिना 1948 मध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यावर देश सोडून बाहेर पडले आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. तापमापक एका क्षणाची नोंद घेतो. जंगल मात्र शेकडो वर्षांच्या दुष्काळाचा, थंडीचा आणि बर्फाचा हिशेब आपल्या अंगावर वागवत असते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. त्यावर उभी राहिलेली वर्गीकरणाची पद्धत आजही प्रांताचे वनखाते वापरते. तिच्यात संपूर्ण प्रांताचे 16 पट्टे आहेत.

डग्लस-फरच्या पट्ट्याचे पुन्हा उपपट्टे पडतात: कुठे अतिकोरडा आणि उष्ण, कुठे कोरडा आणि थंड, तर कुठे बऱ्यापैकी ओलसर. एकाच डोंगराच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या उतारावर गवत आणि पाँडेरोसा पाइन. पाठमोऱ्या उत्तर उतारावर डग्लस-फरची दाटी, खाली मऊ शेवाळ, आणि एखाद्या ओहोळाकाठी स्प्रूसही. पाचशे पावलांत हवामान बदलल्याचा भास होतो. उंचीही असेच करते. पुरेसे वर चढले की डग्लस-फर मागे पडतो आणि स्प्रूसची जंगले लागतात.

नावाला फर, स्वभावाने चिवट

डग्लस-फर हा खरे तर फर नव्हेच. त्याचे शास्त्रीय नाव आहे स्युडोत्सुगा मेन्झीसाय. त्यातील ‘स्युडोत्सुगा’चा अर्थ खोटा हेमलॉक. म्हणजे बोलीतले नाव चुकीचे, आणि शास्त्रीय नावही तो काय नाही एवढेच सांगणारे. ‘मेन्झीसाय’ हे 1790 च्या दशकात या किनाऱ्यावर आलेले आर्चिबाल्ड मेन्झीस यांच्यावरून, आणि ‘डग्लस’ हे 1820 च्या दशकात त्याचे बी ब्रिटनला पाठवणारे डेव्हिड डग्लस यांच्यावरून. हे डग्लस 1834 मध्ये वयाच्या पस्तिशीत, हवाई बेटांवर रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मरण पावले.

किनाऱ्यावरचा डग्लस-फर नव्वद मीटरपर्यंत जाऊ शकतो. अंतर्भागातला त्याचा भाऊ बुटका, संथ वाढणारा आणि पानांवर निळसर झाक असलेला. त्याचा शंकू हातात घेतला की प्रत्येक खवल्याखालून तीन टोकांची एक पट्टी बाहेर डोकावते. जणू एखादा उंदीर आत शिरला आहे आणि त्याची शेपटी व मागचे दोन पाय तेवढे बाहेर राहिले आहेत. वणव्यात सापडलेल्या उंदरांना या झाडाने आपल्या शंकूंत आसरा दिला, अशी एक गोष्ट त्या भागात सांगतात.

गोष्ट झाडाच्या स्वभावाला धरून आहे. वय वाढते तशी डग्लस-फरची साल जाड, बुचासारखी होत जाते. खालच्या फांद्या सुकून गळतात. गवतातून सरपटत येणारी आग बुंध्याला चाटून जाते, साल वरवर काळी पडते, पण आतला जिवंत थर शाबूत राहतो. लहान रोपे मात्र अशा आगीत मरतात. कोरड्या जंगलाची सगळी घडी या एका फरकावर बसलेली होती.

झाडांखालचा संसार

या जंगलात उन्हाळ्यात चालताना पायाखाली बहुतेक ठिकाणी पाइनग्रास नावाचे गवत लागते. ते जमिनीखालच्या खोडांनी पसरते आणि गर्द सावलीत क्वचितच फुलते. आग येऊन गेली किंवा वरचे छत उघडले की मात्र त्याला तुरे येतात. सोबत जमिनीलगत पसरणारे, चामड्यासारख्या पानांचे किनिकिनिक, जांभळी फळे देणारे सस्कटून आणि सुपोलालीची झुडपे. सुपोलालीच्या लालचुटूक कडसर फळांत सॅपोनिन असते. आपल्या रिठ्यात असते तेच द्रव्य. ही फळे घुसळली की भरपूर फेस येतो. इथले आदिवासी समाज तो फेस गोड करून आवडीने खातात.

हिवाळ्यात मोठ्या झाडांचे छत बर्फ झेलते. त्यामुळे त्यांच्याखाली बर्फाचा थर उथळ राहतो. म्यूल जातीची हरणे नेमकी अशा जुन्या डग्लस-फरखाली हिवाळा काढतात आणि वाऱ्याने खाली पडलेल्या डहाळ्या व दगडफूल खाऊन तग धरतात.

मोठे झाड रोपांसाठीही आडोसा असते. उघड्या सपाट जागेवर रात्री थंड हवा साचते आणि भर उन्हाळ्यातही हिमकण पडून डग्लस-फरचे कोवळे शेंडे करपतात. दिवसा उन्हाने माती वाळते. म्हणून या पट्ट्यात जंगल सरसकट तोडले तर नवी रोपे धरणे अवघड जाते आणि अनेक ठिकाणी निवडून काही झाडेच तोडण्याची पद्धत आहे.

जमिनीखालचेही एक नाते आहे. डग्लस-फरच्या मुळांवर बुरशी वाढते. ती झाडाला पाणी व खनिजे मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. सुझान सिमार्ड यांच्या गटाने याच पट्ट्यात, कॅम्लूप्सजवळ, 30 मीटर लांब-रुंद तुकड्याचा जनुकीय अभ्यास केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एकच बुरशी अनेक झाडांच्या मुळांवर आढळली, आणि सर्वाधिक जोडलेले एक झाड अशा धाग्यांनी 47 झाडांशी बांधलेले निघाले. यावरून ‘झाडे एकमेकांशी बोलतात’ अशा कथा जगभर पसरल्या. झाडे या जाळ्यातून एकमेकांना नेमकी किती मदत करतात, याचे प्रत्यक्ष जंगलातले पुरावे अजून तोकडे आहेत, असे 2023 मध्ये काही बुरशीतज्ज्ञांनी बजावले. जाळे आहे, त्याचा अर्थ लावताना सबुरी हवी.

आग थांबली आणि दुखणे सुरू झाले

जुन्या झाडांच्या बुंध्यावर आगीचे व्रण असतात. व्रणांची जागा वाढवलयांवर मोजली की आग कोणत्या वर्षी आली ते कळते. या पट्ट्याच्या कोरड्या भागांत असे व्रण मोजल्यावर दिसले की एकाच ठिकाणी दर काही दशकांनी, कधी त्याहूनही लवकर, आग येत होती. त्यातल्या बऱ्याच आगी जमिनीलगतच्या होत्या. त्या गवत, पालापाचोळा आणि गर्दी करणारी रोपे खाऊन जात. मोठी झाडे उभी राहत. सगळ्याच आगी सौम्य नव्हत्या. काही ठिकाणी मोठी झाडेही जळत. तरी एकूण चित्र उघड्या, ऊन खाली पोहोचणाऱ्या, तुकड्यातुकड्याने वेगळ्या जंगलाचे होते.

सगळ्याच आगी विजेने लागत नव्हत्या. सेक्वेपेमक, न्लाकापमुख आणि इतर आदिवासी समाज वसंतात किंवा शरदात, जमीन थोडी ओली असताना, ठरवून आग लावत. त्यामुळे फळांची झुडपे जोमाने फुटत, हरणांना कोवळा चारा मिळे आणि गावाभोवतीचे रान मोकळे राही. ते ज्ञान कुटुंबांतून पुढे जात असे. 1858 नंतर सोन्याच्या शोधात हजारो लोक आले. 1862 मध्ये देवीच्या साथीने अनेक आदिवासी वस्त्या ओस पडल्या. 1874 मध्ये प्रांताने रान पेटवण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. गुरांनी गवत संपवले, त्यामुळे आग पसरायला वाट उरली नाही. विसाव्या शतकात विमाने आणि अग्निशमन पथके आली. लागलेली आग लगेच विझवणे हेच जंगलाचे रक्षण, असे सगळ्यांना मनापासून वाटत होते.

आगीत जी रोपे मेली असती ती वाचली. जिथे मोजकी मोठी झाडे होती तिथे त्यांच्या भोवती बारीक झाडांची दाटी झाली. वरून हिरवेगार दिसणारे जंगल आतून तहानले. विहीर तेवढीच राहिली आणि पिणारी तोंडे कितीतरी वाढली. तहानलेले झाड चीक कमी तयार करते, आणि चीक हेच सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्यांविरुद्धचे त्याचे हत्यार असते. दाट रानात पाने कुरतडणाऱ्या अळ्यांनाही वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर उतरायला सोय झाली. आणि आगीला शिडी मिळाली. पूर्वी गवतातून सरपटणारी आग आता बारीक झाडांवर चढून थेट शेंड्याला पोहोचते. शेंड्यात पेटलेल्या आगीपुढे जाड साल कामाची नाही.

त्यात हवामान तापले. बर्फ लवकर वितळतो, म्हणजे विहीर लवकर रिकामी होते आणि कोरडा हंगाम लांबतो. जुलै 2017 मध्ये ॲशक्रॉफ्टजवळ लागलेली ‘एलिफंट हिल’ आग सप्टेंबरपर्यंत धुमसत राहिली आणि 1 लाख 90 हजार हेक्टरहून अधिक क्षेत्र तिने गिळले. त्या वर्षी प्रांतात एकूण सुमारे 12 लाख हेक्टर जळाले, 2018 मध्ये त्याहून जास्त, आणि 2023 मध्ये 28 लाख हेक्टरहून अधिक. हे सारे क्षेत्र डग्लस-फरचे नव्हते. पण माणसांची वस्ती असलेली अनेक खोरी या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहेत. त्यामुळे त्याच्या आगी थेट दारात येतात.

धूर कुणाच्या छातीत जातो?

आग जिथे पोहोचत नाही तिथे तिचा धूर पोहोचतो. लाकूड जळताना निघणारे अडीच मायक्रोमीटरहून लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात आणि तिथे दाह निर्माण करतात. दमा असलेले, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना त्याचा त्रास आधी व जास्त होतो. अंतर्भागातली खोरी खोल असल्याने धूर त्यांत कोंडून दिवसेंदिवस राहतो. कॅम्लूप्समधील थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठात भारतातूनही अनेक विद्यार्थी शिकायला जातात. ऑगस्टमध्ये आकाश पिवळट-तपकिरी होणे म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक झाले आहे. अशा दिवसांत खिडक्या बंद ठेवून घरातल्या एका खोलीत तरी हवा गाळणारे यंत्र चालवावे, बाहेर जाताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क लावावा, असे तिथले आरोग्य खाते सांगते. पण उष्णतेची लाट आणि धूर एकत्र आले की खिडक्या बंद ठेवणेही धोक्याचे ठरते. 2021 च्या त्या लाटेत आठवडाभरात प्रांतात 619 जण उष्णतेने दगावले. त्यातील 98 टक्के घरात किंवा अन्य इमारतींत होते, आणि दोन-तृतीयांश सत्तरी गाठलेले.

म्हणूनच आता प्रश्न धूर हवा की नको असा राहिलेला नाही. ओल्या हंगामात, वारा बघून, ठरवून लावलेल्या आगीचा थोडा धूर घ्यायचा की ऑगस्टमधल्या वणव्याचा आठवडेच्या आठवडे सोसायचा, असा तो आहे. दम्याच्या रुग्णाला दोन्ही नकोच असणार. पण कोरड्या जंगलाशेजारी राहणाऱ्याला धुरापासून पूर्ण सुटका नाही.

पुन्हा विरळ करताना

लिटनला आग लागली त्याच उन्हाळ्यात लोगन लेक या खाण-गावाच्या वेशीवरही आग येऊन ठेपली. ऑगस्टमध्ये गाव रिकामे करण्यात आले. परत आलेल्या लोकांना आपली घरे जागेवर उभी दिसली. गावाने अनेक वर्षे भोवतीचे रान विरळ करण्याचे काम चालवले होते. बारीक झाडे काढणे, खालच्या फांद्या छाटणे, पडलेले लाकूड गोळा करून हिवाळ्यात जाळणे, अशा कामांत शाळेतील मुलांचे गटही असत. जवानांची शर्थ होतीच; पण विरळ रानात आग शेंड्यावरून जमिनीवर उतरते आणि जमिनीवरच्या आगीशी माणूस दोन हात करू शकतो.

हा उपाय स्वस्त नाही आणि एकदाच करून भागत नाही. नुसती झाडे काढून गवत आणि पाचोळा तसाच ठेवला तर फायदा अर्धवट राहतो. काही वर्षांनी रोपे पुन्हा दाटतात. म्हणून ठरवून लावलेली आग परत आणण्याची भाषा सुरू झाली आहे, आणि ती कशी लावायची हे ज्यांच्या आजी-आजोबांना माहीत होते त्या आदिवासी समाजांना आता सल्ल्यासाठी बोलावले जात आहे. एलिफंट हिलच्या आगीनंतर जळालेल्या प्रदेशाच्या पुनर्बांधणीत सेक्वेपेमक समुदायांनी शासनाच्या बरोबरीने निर्णय घेण्याचा आग्रह धरला, तो यामुळेच. ज्या कामासाठी कधीकाळी कायद्याने मनाई झाली, तेच काम आज गरजेचे ठरले आहे.

सगळीकडे उशीर झालेला नाही, पण काही ठिकाणी झाला असावा. अमेरिकेच्या पश्चिम भागातील डग्लस-फर आणि पाँडेरोसा पाइनवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की अनेक सखल, कोरड्या जागी आगीनंतर नवी रोपे धरण्यासाठी लागणारा ओलावाच आता मिळत नाही. मोठे झाड जिथे जगू शकते, तिथे रोप जगेलच असे नाही. अशा जागी जंगल एकदा जळाले की त्याच्या जागी गवत येईल आणि तेच राहील. पट्ट्याची खालची कडा अशी हळूहळू वर सरकत जाईल.

किती झाडे लावली, किती वाचवली, यावर जंगलाचे भले मोजण्याची आपल्याला सवय आहे. ओल्या प्रदेशात ती बहुतेक वेळा खपूनही जाते. कोरड्या प्रदेशात मात्र आधी पाणी मोजावे लागते आणि मग झाडे. बर्फाने भरलेली विहीर सप्टेंबरपर्यंत जितक्या मुळांना पुरेल, तितकीच झाडे तिथे निरोगी राहतात.